तणावाच्या प्रदेशातून विमान बदलायचं का? तिकीट काढण्याआधी तपासायच्या गोष्टी

तिकीट शोधताना हे हमखास होतं. सगळ्यांत स्वस्त आणि वेळेलाही सोयीचा पर्याय नेमका अशा शहरातून जातो, ज्याचं नाव गेल्याच आठवड्यात बातम्यांत होतं. घरचे म्हणतात, "तिथून नकोच." मित्र म्हणतो, "काही होत नाही, विमानतळावरच तर बसायचंय." दोघंही अंदाजानेच बोलत असतात, आणि पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला कोणाचं ऐकावं ते कळत नाही.

नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांची तिकिटं मी बरीच वर्षं तपासून देते. त्यातून पक्कं झालेलं एक मत आधीच सांगते. "माझ्या जिवाला काही होईल का" ही भीती मनात सगळ्यांत मोठी असते आणि ती खोटी नाही. पण बहुतेकांच्या वाट्याला येतं ते अडकणं. म्हणून स्वतःला असं विचारा: मी तिथे असताना हा विमानतळ तीन दिवस बंद पडला, तर मी कुठे असेन, कोणाच्या जबाबदारीवर असेन, आणि ते मला झेपेल का? खालच्या सगळ्या पायऱ्या या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहेत.

१. तुमचा थांबा नेमका कसला आहे?

लेओव्हर हा एकच शब्द आपण तीन वेगळ्या गोष्टींना वापरतो. पहिल्या प्रकारात तुम्ही एका विमानातून उतरता, पुन्हा सुरक्षा तपासणी होते आणि दुसऱ्या गेटवर जाऊन बसता. इमिग्रेशनचा काउंटर लागतच नाही; कागदोपत्री तुम्ही त्या देशात शिरलेलेच नसता. दुसऱ्या प्रकारात बॅग घेऊन पुन्हा जमा करायला, किंवा विमानतळच बदलायला, इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागतं. तिसऱ्यात तुम्ही हौसेने एक-दोन रात्री त्या शहरात राहणार असता.

नवखे लोक फसतात ते पहिल्या-दुसऱ्यातल्या फरकाला. आपला थांबा पहिल्या प्रकारचा आहे असं धरून ते निघतात आणि तिथे पोचल्यावर कळतं की बॅग बाहेरच्या पट्ट्यावर आली आहे. तिकीट काढण्याआधीच एअरलाइनला विचारा: बॅग शेवटच्या शहरापर्यंत थेट जाईल का? काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, नुसतं विमान बदलायलाही इमिग्रेशन ओलांडावंच लागतं, हेही ध्यानात असू द्या.

तिसऱ्या प्रकाराबद्दल माझं मत सरळ आहे. प्रदेश तापलेला असेल तर शहर बघायचा बेत पुढच्या वेळेसाठी ठेवा.

२. तणाव कसला आहे ते ओळखा

बातम्यांत "तणाव" हा शब्द सगळ्यालाच लागतो. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र प्रत्येक तणावाची चाल वेगळी असते.

क्षेपणास्त्रांचा तणाव अचानक पेटतो. २३ जून २०२५ रोजी इराणने कतारमधल्या अल उदेद या तळावर क्षेपणास्त्रं सोडली. तिथे अमेरिकेचं सैन्य असतं. त्या संध्याकाळी कतारने हवाई हद्द बंद केली आणि दोहाकडे निघालेली विमानं वाटेतूनच वळवावी लागली. हद्द मध्यरात्रीनंतर उघडलीसुद्धा. म्हणजे बंदी काही तासांचीच होती. पण तोवर विमानं आणि कर्मचारी भलत्याच शहरांत जाऊन पोचले होते, आणि वेळापत्रकाची घडी बसायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. "हद्द उघडली" ही बातमी वाचून लगेच हुश्श करू नका.

आंदोलनाची चाल वेगळी. नोव्हेंबर २००८ मध्ये बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ आंदोलकांनी ताब्यात घेतला आणि तो आठवडाभर ठप्प होता. ऑगस्ट २०१९ मध्ये हाँगकाँगच्या विमानतळात निदर्शक घुसले तेव्हा १२ आणि १३ तारखेला उड्डाणं रद्द झाली. अशा गोष्टींना बहुधा तारखेचा सुगावा असतो: मतमोजणी, मोठ्या खटल्याचा निकाल, एखादा स्मृतिदिन, शस्त्रसंधीची संपत आलेली मुदत. तुमच्या थांब्याच्या तारखेला तिथे काय आहे ते शोधा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जवळजवळ कोणीच करत नाही.

देशादेशांतला बेबनाव आणखी निराळा. त्यात गोळीही झाडली जात नाही. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. दोहाहून दुबईला थेट जाणारी विमानं बंद झाली, आणि ज्यांची तिकिटं हातात होती त्यांना तिसऱ्याच देशातून फिरून जावं लागलं. ही कोंडी जानेवारी २०२१ मध्ये सुटली. दोन शेजारी देश एकमेकांशी बोलत नसतील तर एकाच्या एअरलाइनने दुसऱ्याच्या शहरात विमान बदलायचा बेत करू नका.

सत्तापालटाचा काहीच नेम नसतो. नायजरमध्ये २६ जुलै २०२३ ला लष्कराने सत्ता घेतली. त्यानंतर ६ ऑगस्टला बंद झालेली हवाई हद्द सप्टेंबरमध्ये उघडली. आणि उघड युद्ध असेल तर विचार करायलाच नको: युक्रेनची हद्द २४ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रवासी विमानांना बंद झाली आणि युद्ध चालू असताना वर्षानुवर्षं बंदच राहिली.

३. हद्द उघडी आहे एवढ्यावर विसंबू नका

विमानं उडताहेत म्हणजे सुरक्षितच असणार, असं आपण धरून चालतो. १७ जुलै २०१४ रोजी मलेशिया एअरलाइन्सचं एमएच१७ पूर्व युक्रेनवर पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. तिथली हद्द ३२,००० फुटांपर्यंत बंद होती. विमान ३३,००० फुटांवर होतं. ८ जानेवारी २०२० च्या पहाटे इराणने इराकमधल्या अमेरिकी तळांवर क्षेपणास्त्रं डागली. त्यानंतर काही तासांतच तेहरानहून निघालेलं युक्रेनचं प्रवासी विमान इराणच्याच हवाई संरक्षण यंत्रणेने पाडलं. १७६ मृत्यू. हद्द तेव्हा उघडी होती.

असं क्वचितच होतं, पण झालं तर परत फिरायला जागा नसते. म्हणून माझा नियम आहे: ज्या देशावर किंवा ज्या देशातून गेल्या २४ तासांत क्षेपणास्त्रं सुटली आहेत तिथून त्या दिवशी उडायचं नाही. पैसे गेले तरी चालतील.

बाकी दिवशी दुसऱ्या एअरलाइन्स काय करताहेत ते बघा. पाच-सहा वेगवेगळ्या देशांच्या कंपन्यांनी त्या शहराची विमानं थांबवली असतील आणि फक्त स्थानिक कंपनी उडत असेल, तर ती मोठी खूण आहे. युरोपची विमान सुरक्षा संस्था ईएएसए संघर्षक्षेत्रांबद्दल पत्रकं काढते, ती कोणालाही वाचता येतात. विमानांचे मार्ग दाखवणारं एखादं ॲप उघडून कोणती हद्द टाळून विमानं वळसा घालताहेत तेही दिसतं. एक लक्षात घ्या: थांबा बदलला म्हणून वाट बदलतेच असं नाही. थेट जाणारं विमानही त्याच हद्दीवरून जात असू शकतं.

४. सरकारी सूचना कशा वाचायच्या

अमेरिकेचं परराष्ट्र खातं देशांना १ ते ४ अशा पातळ्या देतं. ४ म्हणजे जाऊ नका. ब्रिटन "अत्यावश्यक असेल तरच" आणि "अजिबात नको" असे शब्द वापरतं. आपल्या सरकारची सूचना तर वाचाच, पण सोबत आणखी एक-दोन देशांच्याही वाचा.

नुसता रंग किंवा आकडा बघून थांबू नका. संपूर्ण देशाला लावलेली पातळी कधी कधी सीमेलगतच्या एका पट्ट्यामुळे असते आणि विमानतळाचं शहर तिथून हजार किलोमीटर लांब असतं. विमानतळाच्या आतून पुढे जाणाऱ्यांसाठी सूचनेत वेगळं वाक्य आहे का तेही शोधा.

सगळ्यांत बोलकी ओळ असते दूतावासाच्या कर्मचाऱ्यांबद्दलची. ११ जून २०२५ रोजी अमेरिकेने बगदादच्या दूतावासातल्या तातडीचं काम नसलेल्या कर्मचाऱ्यांना निघायला सांगितलं, आणि १३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. एखादा देश आपली माणसं किंवा त्यांची कुटुंबं हलवत असेल तर त्या भागातला थांबा रद्द करा. तिथे आणखी पुरावा मागत बसू नका.

५. तिकीट एकच आहे की दोन?

माझा सगळ्यात जास्त जोर या पायरीवर असतो, कारण अडकल्यावर तुमची सोय कोणी करायची हे इथेच ठरतं.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असेल तर पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं हुकलं तरी तुम्हाला शेवटच्या शहरापर्यंत पोचवणं एअरलाइनच्या अंगावर असतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही नुसते न आलेले प्रवासी असता.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं हेच झालं. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं काढली होती. वाटेतली एक हद्द टाळायला पहिल्या विमानाने वळसा घेतला आणि दुसरं हुकलं. ट्रान्सफर डेस्कवरच्या मुलाने काही न बोलता स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांच्या नावापुढे "नो शो" असं आलेलं होतं. बॅग बाहेरच्या पट्ट्यावर फिरत होती आणि त्यांच्याकडे त्या देशाचा व्हिसा नव्हता. म्हणजे बॅगही घेता येईना आणि पुढेही जाता येईना. संध्याकाळची गोळी त्याच बॅगेत होती.

तिकीट एकच आहे हे कसं ओळखायचं? बुकिंग साइट स्वतःचा एक नंबर देते, त्यावर जाऊ नका. ई-तिकिटावर १३ आकडी तिकीट नंबर असतो. त्यातले पहिले तीन आकडे एअरलाइनचे. दोन्ही उड्डाणांपुढे तोच नंबर असेल तर तिकीट एक. चारपेक्षा जास्त उड्डाणं असतील तर लागोपाठचे दोन नंबर दिसतात, तेही चालतं. तिकीट काढताना "सेल्फ ट्रान्सफर" असे शब्द दिसले तर समजा, दोन तिकिटं आहेत. शांत प्रदेशात ही जोखीम घेता येते. तापलेल्या प्रदेशात दोन तिकिटांचा थांबा मी कोणालाही घेऊ देत नाही, मग कितीही पैसे वाचोत.

युरोपीय संघाचा नियम क्रमांक २६१ प्रवाशाच्या बाजूचा आहे. संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला, आणि संघाबाहेरून तिथे येणाऱ्या तिथल्याच कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. हद्द बंद पडणं ही असाधारण परिस्थिती मानली जात असल्याने भरपाई मिळत नाही, पण जेवण आणि राहण्याची सोय एअरलाइनला करावीच लागते. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीमुळे आकाश बंद झालं होतं, त्यावरच्या खटल्यात युरोपच्या न्यायालयाने २०१३ मध्ये हे स्पष्ट केलं. इतर ठिकाणी नियम वेगळे असतात, म्हणून एअरलाइनच्या अटींत "उड्डाण रद्द झाल्यास" हा भाग काढून वाचा.

आणि घाबरून स्वतःहून तिकीट रद्द करू नका! तुम्ही रद्द केलंत तर तुमच्या तिकिटाच्या अटी लागतात आणि बरेचदा हाती काही येत नाही. एअरलाइनने रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरं विमान मागता येतं. तणाव वाढला की बऱ्याच कंपन्या ठरावीक तारखांसाठी फुकट बदल करून देतात. ती घोषणा त्यांच्या साइटवर रोज बघा आणि निघाली की त्याच दिवशी बदल करून घ्या, कारण बाकीचेही तेच करणार असतात.

६. तुमचा पासपोर्ट आणि तुम्ही

थांब्याच्या देशाचा व्हिसा तुमच्याकडे नसला तरी एरवी बिघडत नाही. विमानतळ बंद पडला की बिघडतं: एअरलाइनने हॉटेल दिलं तरी तुम्हाला बाहेर पडता येत नाही आणि मुक्काम हॉलमधल्या खुर्चीवरच होतो. तिथे आगमनानंतर व्हिसा मिळतो का, ई-व्हिसा आधी काढून ठेवता येतो का, ते बघा. मिळत असेल तर काढा. ती रक्कम वाया गेली तरी हळहळू नका.

राष्ट्रीयत्वाने किती फरक पडतो ते २०१७ मध्ये दिसलं. त्या कोंडीत अमिरातीने कतारी नागरिकांना विमान बदलण्यासाठीसुद्धा येऊ दिलं नाही. तुमच्याकडे दोन देशांचं नागरिकत्व असेल आणि त्यातला एक थांब्याचा देश असेल, तर तो देश तुम्हाला आपलाच नागरिक धरू शकतो. मग दुसऱ्या देशाचा दूतावास फारसं काही करू शकत नाही. इस्रायलला जाऊन आल्याची खूण पासपोर्टमध्ये असेल तर लेबनॉनसारखे देश प्रवेश नाकारतात. इस्रायल आता विमानतळावर शिक्का न मारता सुटी चिठ्ठी देतं, पण शेजारच्या देशाच्या जमिनीवरच्या सीमेचा शिक्कासुद्धा पुरेसा बोलका असतो.

पत्रकार, कार्यकर्ते, सरकारविरोधात उघड लिहिणारे यांनी तर वाटेतल्या हद्दीही बघाव्यात. २३ मे २०२१ रोजी अथेन्सहून व्हिल्नियसला निघालेलं रायनएअरचं विमान बेलारूसवरून जात असताना बॉम्बची खोटी सूचना देऊन मिन्स्कला उतरवलं गेलं, आणि विमानातल्या रामान प्रातासेविच या पत्रकाराला अटक झाली. मिन्स्क त्यांच्या तिकिटावर कुठेही नव्हतं.

औषधांचंही बघा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांवर अमिरातीसारख्या देशांत कडक बंधनं आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा.

७. विमा: दोनच प्रश्न

बहुतेक प्रवास विम्यांत युद्धाने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. शिवाय पॉलिसी घेताना जी घटना आधीच बातम्यांत होती, ती "माहीत असलेली" धरली जाते आणि दावा फेटाळला जातो. म्हणून कंपनीला ईमेलने दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या: युद्ध किंवा हद्दबंदीमुळे अडकलो तर राहण्याचा खर्च मिळेल का? आणि सरकारने "जाऊ नका" म्हटलेल्या देशात नुसतं विमान बदललं तर पॉलिसी चालू राहील का? काही ठिकाणी "कुठल्याही कारणाने रद्द" अशी महाग पॉलिसी मिळते. तीही बहुधा खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत देते.

८. तीन दिवस अडकणं कोणाला परवडत नाही?

तान्हं मूल सोबत असेल, इन्सुलिन थंड ठेवावं लागत असेल, डायलिसिसची तारीख ठरलेली असेल, व्हिसाची मुदत संपत आली असेल, पलीकडे परीक्षा किंवा शस्त्रक्रिया असेल, तर तापलेल्या प्रदेशातला थांबा नको. वयस्कर आईवडील एकटेच निघाले असतील आणि तिथली भाषा त्यांना येत नसेल तरी नको. धडधाकट, एकटा, हाती पैसे असलेला आणि पोचायची घाई नसलेला माणूस तोच थांबा घेऊ शकतो. तिकीट तेच असलं तरी दोघांना दिलेला सल्ला वेगळा असतो, आणि तो वेगळाच असायला हवा.

पर्यायही याच काट्याने तोला. शांत शहरातला ५० मिनिटांचा, दोन तिकिटांचा थांबा काही वेळा तणावाच्या शहरातल्या एका तिकिटाच्या चार तासांपेक्षा वाईट असतो.

९. कधी ठरवायचं

तिकीट काढतानाच कागदावर लिहून ठेवा, काय झालं तर मी बेत बदलेन. "पातळी ४ झाली", "तिघा मोठ्या कंपन्यांनी विमानं थांबवली", "दूतावासाने माणसं हलवली", असं नेमकं. मग सात दिवस आधी, ७२ तास आधी, २४ तास आधी आणि घर सोडण्याआधी तो कागद काढून बघा. आधी लिहिलेलं नसेल तर ऐन वेळी मन पैशांकडे ओढतं. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

१०. जायचं ठरलं तर

दिवसातलं शेवटचं कनेक्शन घेऊ नका. सकाळचं घ्या, म्हणजे ते हुकलं तरी त्याच दिवशी दुसरं असतं. वळशाने विमानं उशिरा येतात, म्हणून मध्ये तीन-चार तास ठेवा. सात दिवसांची औषधं, चार्जर, एक जोडी कपडे आणि कागदपत्रांच्या छापील प्रती केबिन बॅगेत. दोन वेगळ्या बँकांची कार्डं आणि थोडी रोख. आपल्या दूतावासाचा तातडीचा नंबर कागदावर लिहिलेला, कारण फोन बंद पडतो. दूतावासाची प्रवासी नोंदणी असेल तर थांब्याच्या देशासाठीही नोंद करा. तिथे सैनिक, लष्करी विमानं किंवा आकाशातल्या स्फोटांचे फोटो काढू नका आणि टाकूही नका. अनेक देशांत तो गुन्हा आहे.

११. अडकलातच तर

फलकावर उशीर दिसू लागला की रांगेत उभे राहा आणि त्याच वेळी फोनवर एअरलाइनचं ॲप उघडून दुसरं विमान शोधा. जे आधी मिळेल ते घ्या. डेस्कवर पोचाल तेव्हा तुम्हाला हवं असलेलं उड्डाण, वेळ आणि शहर आधीच शोधलेलं असू द्या. दमलेल्या कर्मचाऱ्याला "काहीतरी करा" यापेक्षा "उद्या सकाळी अमुक शहरातून जागा दिसते आहे, मला त्यावर घ्या" हे सोपं पडतं. विमान रद्द झाल्याचं लेखी घ्या, जेवणाच्या आणि राहण्याच्या पावत्या जपून ठेवा. परत आत येता येईल याची खात्री झाल्याशिवाय इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडू नका. आणि घरच्यांशी बोलायच्या दिवसातल्या दोन वेळा ठरवून घ्या, म्हणजे फोनची बॅटरी टिकते आणि ते दर दहा मिनिटांनी बातम्या लावून बसत नाहीत.